अनुपस्थित दाता : दत्तक अपत्यांच्या जन्मभूमियात्रेची तीन कथने

१

प्रवासवर्णन आणि आत्मचरित्र या दोन वाङ्मयप्रकारांच्या सीमेवर गेल्या काही दशकांत एक नवे कथन रूढ झाले आहे. परदेशातून दत्तक आणलेले मूल, बहुधा आपल्या नव्या कुटुंबासह, जन्मभूमीला भेट देते आणि त्या भेटीचा वृत्तांत आई, वडील किंवा पुढे मोठे झालेले ते मूल स्वतः लिहिते. असे प्रवास आता इतके नित्याचे झाले आहेत की, दत्तकसंस्था त्यांच्यासाठी सहलींची आखणीही करतात. या कथनांचा विचार सामान्यतः समाजशास्त्राचे किंवा मानसशास्त्राचे अभ्यासक करतात. ती कथने म्हणून कशी आहेत, त्यांची रचना कोणत्या प्रश्नाभोवती होते आणि त्यांचे बरेवाईट कोणत्या कसोटीवर ठरवावे, हे प्रश्न मात्र वाङ्मयाच्या अभ्यासकाचे आहेत. प्रस्तुत लेखात तीन कृतींच्या आधारे त्यांचा विचार करावयाचा आहे. त्यांपैकी एक कृती चित्रपट आहे. परंतु तो प्रथमपुरुषी आत्मकथन असल्यामुळे त्याचा येथे समावेश करण्यास हरकत नसावी.

प्रारंभी या यात्रांची पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. कोरियातील युद्ध १९५३ साली थांबले. १९५५ साली ऑरेगॉनमधील हॅरी व बर्था होल्ट या दांपत्याने आठ कोरियन मुले दत्तक घेतली आणि परदेशी दत्तकाची संघटित प्रथा तेथून वाढीस लागली. पुढील दशकांत सुमारे दोन लक्ष कोरियन मुले अमेरिकेत व युरोपात गेली. चीनचा दत्तकविषयक कायदा १९९२ साली अमलात आला व त्यानंतर एकट्या अमेरिकेत ऐंशी हजारांहून अधिक चिनी मुले, बहुसंख्य मुलीच, पोहोचल्या. भारतातून जाणाऱ्या मुलांची संख्या त्या मानाने अल्प होती. तथापि तिच्यातील गैरप्रकारांना आळा घालण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाला लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर १९८४ साली तपशीलवार निर्बंध घालून द्यावे लागले. या मुलांतील पुष्कळशी आता प्रौढ झाली आहेत. जन्मभूमियात्रेच्या कथनांचा हा उगम होय.

मराठी वाचकाला या विषयाकडे पाहण्याची एक खास सोय आहे, ती ‘दत्तक’ या शब्दाने करून दिली आहे. इंग्रजी शब्दाचा मूलार्थ निवडणे, पसंत करून आपलेसे करणे असा आहे. म्हणजे त्या शब्दात कर्तृत्व घेणाऱ्याकडे आहे. ‘दत्तक’ म्हणजे दिलेला. हा शब्द उच्चारताच देणारा कोण, हा प्रश्न आपोआप उपस्थित होतो. धर्मशास्त्रातील दत्तकविधानात दान व प्रतिग्रह ही दोन अंगे आहेत आणि दात्यावाचून विधी घडत नाही. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने दत्तहोम अनावश्यक ठरविला. मात्र प्रत्यक्ष देणे व घेणे आवश्यकच मानले. जुन्या दत्तकात दाता सर्वांना ठाऊक असे. १८७५ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव हा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला आणि सयाजीराव गायकवाड झाला. त्याचे जनक कुटुंब कोणते, गाव कोणते, याविषयी कोणालाही संदेह नव्हता; त्याचे भाऊही पुढे बडोद्यास गेले. त्याचे घराणे बदलले, पण त्यामुळे त्याचा पूर्वेतिहास पुसला गेला नाही.

परदेशी दत्तकाच्या विसाव्या शतकातील व्यवस्थेने या विधीतील एक पक्ष अदृश्य केला. घेणारे दिसतात, त्यांची छायाचित्रे असतात, विमानतळावरील स्वागताचे चित्रण असते. दाता मात्र कागदावरील एखाद्या ओळीत, किंवा कागदावरील कोऱ्या जागेत, लोप पावतो. जन्मभूमीची यात्रा वरवर पाहता एका देशाची यात्रा असते; तिच्या मुळाशी या कोऱ्या जागेचा शोध असतो. म्हणून अशा कथनाचे मोल ठरविताना त्यात दात्याला कोणते स्थान मिळाले आहे, ही कसोटी सर्वांत आधी लावली पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. दाता सापडला की नाही, हा प्रश्न येथे गौण आहे. न सापडलेला दाताही कथनात माणूस म्हणून उभा राहू शकतो आणि सापडलेला दाता निव्वळ प्रसंगाची शोभा होऊ शकतो.

२

पहिली कृती ‘वूहू डायरी’ ही होय. एमिली प्रेगर या अमेरिकन लेखिकेने ती २००१ साली प्रसिद्ध केली. प्रेगर यांनी चीनमधील आन्हुई प्रांतातील, यांगत्से नदीकाठच्या वूहू या शहरातून एक मुलगी दत्तक घेतली होती. ती पाच वर्षांची होण्याच्या सुमारास, १९९९ साली, मायलेकी काही आठवडे वूहूत जाऊन राहिल्या. त्या मुक्कामाची ही रोजनिशी आहे. लेखिकेचे स्वतःचे बालपण काही काळ तैवानमध्ये गेलेले असल्यामुळे चिनी जगाविषयीची तिची ओढ केवळ मुलीमुळे उत्पन्न झालेली नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

दत्तक मुलीला तिच्या गावी परत नेण्याविषयीची ही रोजनिशी आहे, असे या पुस्तकाचे उपशीर्षक सांगते. येथे ‘नेणे’ हे क्रियापद महत्त्वाचे आहे. नेणारी आई आहे. मूल नेले जाणारे आहे. पाच वर्षांच्या मुलीला आपला प्रवास स्वतः सांगता येणे शक्य नाही, तेव्हा तिची वाक्ये, तिचे रुसवे, तिचे खेळ हे सर्व आईच्या लेखणीतूनच आपल्यापर्यंत येते. हा दोष मानण्याचे कारण नाही. ती या प्रकारची अपरिहार्य मर्यादा आहे. विचार करावयाचा तो असा की, ही मर्यादा लेखिका कशी हाताळते.

रोजनिशीचा घाट येथे लेखिकेच्या मदतीला आला आहे. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय घडणार हे ठाऊक नसते. मे १९९९ मध्ये बेलग्रेडमधील चिनी वकिलातीवर नाटोच्या विमानांनी बाँब टाकले, तीन चिनी पत्रकार मृत्युमुखी पडले आणि चीनभर अमेरिकेविरुद्ध संतापाची लाट उसळली. वूहूतील या दोन पाहुण्यांना त्या लाटेच्या मध्यभागी राहावे लागले. आखीव सहलीच्या वृत्तांतात जन्मभूमी नेहमी स्वागतशील असते. तेथे पाळणाघरापासून राजवाड्यापर्यंत सर्व काही पाहुण्यांसाठीच मांडून ठेवल्यासारखे भासते. प्रेगर यांच्या पुस्तकात जन्मभूमीला स्वतःचा इतिहास आहे, स्वतःचा क्रोध आहे, आणि तो क्रोध ज्या देशाविरुद्ध आहे, त्याच देशाची आता ही मुलगी नागरिक आहे. एका कौटुंबिक यात्रेत जगाचे राजकारण असे शिरल्यामुळे या पुस्तकाला जे गांभीर्य प्राप्त झाले आहे, ते लेखिकेने योजून आणता आले नसते.

आपली कसोटी लावली असता मात्र पुस्तकातील उणीव दिसू लागते. चीनमध्ये मूल टाकणे हा गुन्हा होता. दुसऱ्या बाजूस, १९८० च्या सुमारास सुरू झालेल्या व २०१५ अखेरपर्यंत चाललेल्या एकापत्य धोरणामुळे अनेक कुटुंबांना दुसरी मुलगी ठेवणे अशक्यप्राय झाले होते. परिणामी मूल रीतसर देण्याचा मार्गच उरला नाही. ते रात्रीच्या वेळी रहदारीच्या जागी ठेवून निघून जावे लागे. म्हणजे येथे दाता कायद्यानेच पुसला गेला होता. अशा स्थितीत लेखिका काय करते? दात्याच्या जागी ती शहराला बसविते. वूहूचे रस्ते, तेथील बायका, नदीचा घाट, शाळा यांच्या स्नेहातून मुलीला आपले मूळ लाभावे, अशी सारी योजना आहे. ती वत्सल आहे आणि मुलीच्या वयाला साजेशीही आहे. परंतु शहर काही बोलू शकत नाही. ते प्रश्न विचारीत नाही आणि उत्तरही देत नाही. ज्या स्त्रीने मूल ठेवले, तिने कोणत्या भयापोटी ठेवले, या विचारापाशी कथन येते व पुन्हा मुलीच्या आनंदाकडे वळते. वाचकाला वूहू भेटते. वूहूतील ती आई भेटत नाही.

३

दुसरी कृती ‘फर्स्ट पर्सन प्लुरल’ हा डीॲन बोर्शे लीम यांचा २००० सालचा अनुबोधपट. या शीर्षकाचा अर्थ ‘प्रथमपुरुष, अनेकवचन’ असा आहे. येथे नेणारे व नेले जाणारे यांची अदलाबदल झाली आहे. प्रौढ मुलगी आपल्या अमेरिकन आईवडिलांना कोरियात नेते आणि जन्मदात्या कुटुंबाच्या घरात दोन्ही कुटुंबांना समोरासमोर बसविते.

कथा थोडक्यात अशी. कॅलिफोर्नियातील बोर्शे दांपत्य छा जुंग ही नावाच्या एका कोरियन अनाथ मुलीला दरमहा पैसे व पत्रे पाठवीत असे. पुढे त्यांनी तिला दत्तक घेण्याचे ठरविले. दरम्यान त्या मुलीच्या बापाने तिला अनाथालयातून परत नेले. अनाथालयाने तिच्या जागी दुसरी मुलगी, तिचेच नाव व तिचीच कागदपत्रे देऊन, १९६६ साली पाठवून दिली. या दुसऱ्या मुलीचे खरे नाव कांग ओक जिन. ती अनाथ नव्हती, तिची आई व भावंडे हयात होती. इंग्रजी बोलता येऊ लागल्यावर तिने नव्या आईला सांगण्याचा प्रयत्न केला की, मी ती नव्हे. आईने कागद पाहिले आणि मुलीला स्वप्न पडले असावे, अशी तिची समजूत घातली. पुढे मुलीलाही आपली आठवण हेच स्वप्न वाटू लागले. मोठेपणी तिने अनाथालयाला पत्र लिहिले, तेव्हा कोरियातील भावाचे उत्तर आले आणि कागद खोटा व आठवण खरी ठरली.

या चित्रपटाचे सामर्थ्य असे की, त्यात खलपुरुष नाही. अमेरिकन वडिलांना घरगुती चित्रणाचा छंद होता; त्यांनी टिपलेली जुनी दृश्ये चित्रपटभर विखुरलेली आहेत. विमानतळावर उतरलेल्या मुलींपैकी आपली कोणती, हेही कुटुंबाला नीट कळले नव्हते, ही हकीगत घरातील मंडळी हसतमुखाने सांगतात. तीच हकीगत ऐकताना प्रेक्षकाच्या मनावर दडपण येते. सांगणाऱ्यांचे प्रेम निर्विवाद आहे. परंतु त्या प्रेमाला एका नेमक्या मुलीची गरज नव्हती, एका मुलीची होती, हे सत्यही तेवढेच निर्विवाद आहे. ही दोन्ही सत्ये दिग्दर्शिका शेजारी शेजारी ठेवते आणि त्यांच्यापैकी कोणतेही एक दुसऱ्याच्या आड येऊ देत नाही.

कोरियातील घरातला प्रसंग हा चित्रपटाचा गाभा होय. एका खोलीत दोन आया, एक वडील, भावंडे आणि दुभाषी. प्रत्येक वाक्य दोनदा उच्चारले जाते. दुभाष्यामुळे होणारा विलंब येथे अर्थपूर्ण ठरला आहे. कारण त्या मधल्या क्षणात ऐकणाऱ्याचे मुख दिसते, अर्थ पोहोचण्यापूर्वीचे आणि पोहोचल्यानंतरचे. येथे दात्री प्रथमच आपल्या तोंडाने बोलते. घरातील दारिद्र्य, मुलांना अनाथालयात ठेवण्याची पाळी, एका मुलीला तरी बरे दिवस दिसावेत म्हणून घेतलेला निर्णय आणि त्यानंतरची वर्षे यांविषयी जन्मदात्या कुटुंबाला जे म्हणावयाचे आहे, ते आपण ऐकतो. ते ऐकून मुलीचे समाधान होते असे मात्र नाही. जन्मदात्या आईशी जवळीक साधावयाची असेल, तर ती आता आपली आई राहिलेली नाही हे आधी मान्य केले पाहिजे, अशा निष्कर्षाप्रत ती येते. हा निष्कर्ष कठोर आहे. जन्मभूमियात्रेच्या रूढ कथनात मीलनाने सर्व काही भरून निघते. येथे मीलनामुळेच जे भरून निघणार नाही त्याचे माप मिळते.

‘आम्ही’ हे प्रथमपुरुषी अनेकवचन या खोलीत कोणाला उद्देशून आहे, या प्रश्नाचे उत्तर चित्रपट देत नाही. त्याने दिलेली दुसरी एक गोष्ट मात्र कालांतराने फार महत्त्वाची ठरली. जिवंत आईबाप असलेल्या मुलाची एकट्याची नवी कुलनोंद करून त्यास कायद्याने अनाथ ठरवावयाचे, ही कोरियातील रूढ पद्धत होती. ज्या मुलीची जागा आपण घेतली, तिचा शोध घेणारा दुसरा चित्रपट बोर्शे लीम यांनी २०१० साली केला. मार्च २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या सत्य व समेट आयोगाने परदेशी दत्तकाच्या कारभारात बनावट नोंदी व मुलांची ओळख बदलणे यांसारखे प्रकार घडल्याचे मान्य केले आणि तक्रारदारांपैकी छप्पन्न जणांच्या मानवी हक्कांचा भंग झाल्याचा निर्णय दिला. एका मुलीने १९६० नंतरच्या दशकात आईला सांगितलेले व स्वप्न ठरलेले वाक्य राज्याने मान्य करण्यास इतका काळ लागला. या दृष्टीने आत्मकथनाचे काम येथे केवळ भावनेच्या आविष्कारापुरते मर्यादित राहिलेले नाही. ते साक्षीचेही काम आहे.

४

तिसरी कृती आपल्या अगदी जवळची आहे. आशा मिरो यांचा जन्म १९६७ साली नाशिक जिल्ह्यातला. मुंबईतील जोगिणींच्या अनाथालयातून १९७४ साली बार्सेलोनातील एका दांपत्याने त्यांना दत्तक घेतले. १९९५ साली त्या प्रथम मुंबईस परत आल्या. त्या भेटीवर आधारलेले ‘गंगेची कन्या’ या अर्थाच्या शीर्षकाचे त्यांचे कातालान भाषेतील पुस्तक २००३ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्या पुन्हा आल्या व त्या दुसऱ्या यात्रेवर त्यांनी २००४ साली दुसरे पुस्तक लिहिले. त्याच्या शीर्षकाचा अर्थ ‘चंद्राच्या दोन बाजू’ असा आहे.

पहिल्या पुस्तकाची रचना लक्षणीय आहे. लेखिकेच्या कथनात तिच्या दत्तक आईने त्या काळी लिहिलेल्या दैनंदिनीचे उतारे मिसळलेले आहेत. मुलगी मुंबईच्या रस्त्यांवरून एकटी फिरते, परंतु वाचताना आई तिच्या सोबतीस असते. एक कुटुंब या प्रवासात दोन काळांतून चालत असते. एकीकडे मुलीची वाट पाहणारी १९७४ ची आई, दुसरीकडे आपला पूर्ववृत्तांत शोधणारी १९९५ ची मुलगी. प्रेगर यांच्या पुस्तकात आईचा आवाज मुलीला वेढून टाकतो, तसे येथे होत नाही. कारण आईच्या शब्दांना जागा कोणती द्यावयाची, हे आता मुलगी ठरवीत आहे.

पहिल्या भेटीत लेखिकेला जे कळले, ते मुख्यतः जोगिणींच्या स्मरणातून. कोणत्याही संस्थेच्या स्मरणाप्रमाणेच ते सद्‌हेतूचे, पण संक्षिप्त होते. संस्था मुलाला जी कथा देते ती मुलाला पेलेल अशी देते. तिच्यात दात्याला तपशील नसतो. चीनमध्ये दाता कायद्याने पुसला, कोरियात कागदाने. येथे तो दयाबुद्धीने सांगितलेल्या कथेमुळे पुसट झाला. दुसऱ्या यात्रेत ही कथा पालटली. नाशिककडील गाव सापडले, आप्त सापडले, एक थोरली बहीण सापडली आणि तिचेही नाव आशाच निघाले. आईच्या मृत्यूनंतर तान्ही मुलगी जगविणे अशक्य झालेला बाप ही आता एक व्यक्ती झाली. पहिले पुस्तक प्रसिद्ध होऊन वाचकप्रिय झाल्यावर त्यातील मूळ वृत्तांत स्वतःच दुरुस्त करणारे दुसरे पुस्तक लिहावयाचे, हा प्रामाणिकपणा विरळा होय. या दोन पुस्तकांचा विचार एकत्रच केला पाहिजे; केवळ पहिले वाचणाऱ्यास आख्यायिका मिळेल, दुसरे वाचणाऱ्यास बहीण भेटेल.

शीर्षकाविषयी येथे थोडे विवेचन आवश्यक आहे. युरोपीय वाचकाला ‘गंगेची कन्या’ म्हणजे ‘भारताची कन्या’ असे वाटणे स्वाभाविक आहे. उत्तरेतील गंगेचा आणि नाशिक जिल्ह्यातील मुलीचा संबंध काय, अशी शंका त्याला येणार नाही. एखाद्या मराठी समीक्षकाला हे शीर्षक परदेशी बाजारासाठी केलेले सोपे सामान्यीकरण वाटण्याचा संभव आहे. परंतु नाशिकचा माणूस गोदावरीला गंगाच म्हणतो; गोदेच्या काठी जाणे म्हणजे त्याच्या बोलीत गंगेवर जाणे होय. म्हणजे जो शब्द दूरच्या वाचकाला अखिल भारताचे प्रतीक वाटतो, तोच जवळच्या वाचकाला एका जिल्ह्याचा, एका घाटाचा पत्ता सांगतो. मराठी वाचकाने हे पुस्तक वाचले असता शीर्षकातच दात्याच्या बोलीचा एक शब्द त्याला ऐकू येतो.

येथेच या पुस्तकाची सर्वांत वेदनादायक बाजू आहे. लेखिका सात वर्षांची होण्याच्या सुमारास बार्सेलोनास गेली आणि तिची पहिली भाषा तिच्या स्मरणातून गेली. दोन बहिणी समोरासमोर येतात, तेव्हा त्यांच्यामध्ये समान शब्द नाही. नाशिककडच्या बहिणीचे मराठी बोल भाषांतर होऊन लेखिकेपर्यंत जातात, ती ते कातालानमध्ये लिहिते, आणि आपण ते पुन्हा इंग्रजीतून वाचतो. दात्याच्या घरातील एकमेव साक्ष, जी मुळात आपल्या भाषेत होती, ती आपल्याला तीन भाषांचा वळसा घालून मिळते. बहिणीने ‘दिली’ म्हटले असेल की ‘ठेवली’, ‘सोडली’ म्हटले असेल की ‘धाडली’? या चार क्रियापदांत चार निरनिराळी नीतिशास्त्रे आहेत आणि त्यांतील भेद भाषांतरात टिकत नाही. कवळाण्याचा मुलगा १८७५ साली बडोद्यास गेला, तेव्हा त्याची भाषा त्याच्याबरोबर गेली. त्याच जिल्ह्यातील मुलगी नव्व्याण्णव वर्षांनी बार्सेलोनास गेली, तेव्हा तिची भाषा मागे राहिली. दोन्ही दत्तकांतील खरे अंतर भूगोलाचे नसून हे आहे.

५

या विवेचनावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. जन्मभूमीची यात्रा मुलासाठी असते. त्याच्या मनाला स्वास्थ्य लाभावे हा तिचा हेतू. दात्याचा आग्रह धरून समीक्षक मुलावर व त्याला वाढविणाऱ्यांवर अन्याय करीत नाही काय? अनेकांना दाता शोधावयाचा नसतो, आणि न शोधण्याचा हक्क शोधण्याच्या हक्काइतकाच मान्य केला पाहिजे.

हा आक्षेप जीवनापुरता पूर्णपणे मान्य करता येईल, वाङ्मयापुरता नाही. कोणी शोधावे वा शोधू नये, हे समीक्षेने सांगावयाचे नाही. परंतु जे कथन यात्रेला निघते आणि जन्मभूमीला केवळ रंग, वास, वाद्ये व भोजन यांच्या रूपाने उभे करते, ते आपल्याच विषयाला बगल देते, असे म्हणण्याचा अधिकार समीक्षेला आहे. सरू ब्रायर्ली यांचे २०१३ सालचे आत्मकथन आणि त्यावरील ‘लायन’ हा २०१६ सालचा चित्रपट यांची जगभरची लोकप्रियता या संदर्भात उद्बोधक आहे. खांडव्याचा हा मुलगा आगगाडीत झोप लागून कलकत्त्यास पोहोचला, हरवला आणि ऑस्ट्रेलियात दत्तक गेला. पंचवीस वर्षांनी त्याने उपग्रहचित्रांच्या साह्याने घर शोधून काढले. कथा विलक्षण व हृद्य आहे. परंतु तिच्यात मुलाला कोणी दिलेलेच नाही. ते हरवलेले आहे. त्यामुळे देणाऱ्याविषयीचा अवघड प्रश्न तेथे उद्भवतच नाही आणि दोन्ही आयांवर निःशंक प्रेम करण्यास प्रेक्षक मोकळा राहतो. ज्यांना दिले गेले त्यांच्या कथा इतक्या सहज सुखान्त का होत नाहीत, याचे उत्तर या तुलनेत सापडते.

दाता न सापडताही त्याला माणूस म्हणून उभे करता येते, याचे उदाहरण ‘फाउंड’ या २०२१ सालच्या अनुबोधपटात आहे. रक्तचाचणीतून नव्हे, लाळेच्या आनुवंशिक चाचणीतून परस्परांच्या चुलत-मावस बहिणी ठरलेल्या तीन अमेरिकन तरुणी कुटुंबीयांसह चीनला जातात. एक चिनी संशोधिका त्यांच्यासाठी आईबापांचा शोध घेते. ज्यांनी पूर्वी मुलगी टाकली होती असे लोक पुढे येतात, रडतात, तपासणीस तयार होतात. चाचणी जुळत नाही. कथानकाच्या हिशेबाने हा शोध निष्फळ होय. तथापि त्या न जुळलेल्या आईबापांच्या बोलण्यातून दाता या शब्दामागे किती भय, किती सक्ती आणि किती काळ जपलेली आठवण असू शकते, हे प्रेक्षकाला कळते. प्रेगर यांच्या पुस्तकात जी जागा शहराने भरली होती, ती येथे माणसांनी भरली आहे.

या विषयाचे एक पर्व आता संपत आले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये चीनने, नातेवाइकांची मुले व सावत्र मुले हे अपवाद वगळता, परदेशी दत्तक बंद केल्याचे जाहीर केले. भारतात १९९० पासून केंद्रीय दत्तक यंत्रणा काम करीत आहे आणि हेगच्या १९९३ च्या करारास भारताने २००३ साली मान्यता दिली. पुढील काळात परदेशी जाणारी मुले कमी होतील; जन्मभूमीस येणारे प्रौढ मात्र काही दशके येतच राहतील आणि त्यांच्या कथनांत भर पडत राहील. ही कथने इंग्रजी, कातालान, स्वीडिश, डच, फ्रेंच अशा घेणाऱ्यांच्या भाषांत लिहिली जातात. देणाऱ्यांची भाषा अनेकदा मराठी असते.

म्हणून मराठीच्या अभ्यासकावर येथे एक निश्चित जबाबदारी येते. परदेशी कथनांची भाषांतरे व समीक्षा हे तिचे एक अंग होय, परंतु ते दुय्यम होय. ज्या घरांतून मूल गेले त्या घरांत अद्याप भावंडे आहेत, आत्या-मावश्या आहेत. अनाथालयांत काम केलेल्या आया, परिचारिका व सामाजिक कार्यकर्त्या आहेत. त्यांच्यापाशी जे शब्द आहेत, ते त्यांच्या संमतीने, त्यांची ओळख राखून, त्यांच्याच बोलीत नोंदविले गेले पाहिजेत. मौखिक साहित्याचे संकलन करण्याची शिस्त आपल्या विद्यापीठांना अपरिचित नाही. ओव्या व कहाण्या आपण अशाच रीतीने मिळविल्या. मूल धाडणाऱ्या घराची कहाणी ही त्या संकलनातील एक न भरलेली जागा आहे. उद्या बार्सेलोनाहून किंवा स्टॉकहोमहून येणारी एखादी तरुणी नाशिकच्या घाटावर उभी राहून विचारील की, मला देताना घरात काय बोलले गेले. त्या वेळी तिच्या हाती द्यावयास आपल्यापाशी त्या बोलीतली दोन वाक्ये तरी असावीत.